‘आय डाउट इट’ म्हणजे हो की नाही?

‘आय डाउट ही वोन्ट कम टुमॉरो.’

वाक्य जेमतेम सहा शब्दांचं. लिहिणाऱ्याच्या मनात होतं, ‘तो उद्या येणार नाही, अशी मला शंका आहे.’ वाचणाऱ्याने अर्थ घेतला, ‘तो न येण्याचा प्रश्नच नाही, येईलच.’ दोघांचं इंग्रजी चांगलं, दोघांचा हेतू स्वच्छ, आणि अर्थ मात्र बरोबर उलटा पोचला. दुसऱ्या दिवशी एकजण बैठक मांडून वाट बघत बसला आणि दुसऱ्याला कळेना की आपण आधीच कळवलेलं असताना ही वाट कसली चालली आहे.

मराठी माणसांनी लिहिलेली इंग्रजी पत्रं आणि अहवाल तपासणं हे माझं रोजचं काम आहे. वर्तनीच्या चुका हल्ली संगणकच दाखवतो. पण वरच्या वाक्यात त्याला काहीच चुकीचं दिसत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाहीच. चूक आहे ती ‘डाउट’ म्हणजे ‘शंका’ हे समीकरण डोळे झाकून वापरण्यात. शाळेत आपण ते पाठ केलं, शब्दकोशातही ते सापडतं, आणि तरीही ते अर्धंच खरं आहे.

एक शंका, तीन कामं

आधी इंग्रजी बाजूला ठेवू आणि आपल्याच शब्दाकडे नीट बघू. मराठीत शंका तीन वेगवेगळ्या प्रकारची असते, आणि तिन्हींसाठी आपल्याकडे वेगवेगळे वाक्प्रचारही आहेत.

घरातला माणूस नेहमीच्या वेळेला परतला नाही, फोनही लागत नाही, की मनात शंकेची पाल चुकचुकते. इथे मन कशाकडे झुकलेलं असतं? काहीतरी झालं असावं, याच्याकडे. म्हणजे ही शंका ‘असावं’ म्हणणारी आहे.

एखाद्याच्या हुशारीबद्दल आपण म्हणतो, ‘त्यात शंकेला जागाच नाही.’ या शंकेचा रोख अगदी उलटा आहे. जागा असती, तर ती ‘हुशार नसेल’ याच्यासाठी असती. ही ‘नसावं’ म्हणणारी शंका.

तिसरी शंका व्याख्यानानंतर येते. ‘कुणाला काही शंका असल्यास विचाराव्यात,’ असं सांगितलं जातं आणि मग शंकानिरसन होतं. तिथे असावं-नसावं काहीच नाही. एखादी गोष्ट कळलेली नाही, ती विचारायची आहे, एवढंच.

मराठी या तिघींना एकाच नावाने हाक मारते आणि संदर्भावरून ओळखते. इंग्रजीने त्यांची नावं वेगळी ठेवली आहेत. पहिली ‘सस्पिशन’, दुसरी ‘डाउट’ आणि तिसरी साधा ‘क्वेश्चन’. आपल्या मनात पहिली किंवा तिसरी असते आणि लिहिताना हाताखाली दुसरीचा शब्द येतो, तेव्हा घोटाळा होतो.

काटा कुठे झुकतो

तराजू डोळ्यासमोर आणा. एका पारड्यात ‘हो’, दुसऱ्यात ‘नाही’. ‘आय वंडर इफ ही विल कम’ म्हटलं की काटा मधोमध असतो: येईल की नाही, कोण जाणे. ‘आय सस्पेक्ट ही विल कम’ म्हटलं की काटा ‘हो’कडे कलतो: येईल, असं वाटतंय. आणि ‘आय डाउट ही विल कम’ म्हटलं की तो ‘नाही’कडे कलतो: येईलसं वाटत नाही.

म्हणून ‘आय डाउट इट’चं सगळ्यात जवळचं मराठी ‘मला शंका आहे’ हे नाही. ते आहे ‘मला नाही वाटत’. बोलताना तर आपण याहून छान बोलतो. ‘उद्या येणार का तो?’ ‘कसला येतोय!’ हे अस्सल ‘आय डाउट इट’ आहे. त्यात ठाम नकार नाही, पण आशाही ठेवलेली नाही. आवाज मऊ असेल तर हाच उद्गार सौम्य वाटतो, आणि तोडून म्हटलं तर विषय संपतो. इंग्रजीतही तसंच. ‘आय व्हेरी मच डाउट इट’ म्हणणारा माणूस वरवर शंका बोलून दाखवतो, पण त्याने जवळजवळ ‘नाही’च म्हटलेलं असतं.

आता सुरुवातीचं वाक्य पुन्हा बघा. ‘डाउट’ने काटा ‘नाही’कडे नेला. त्यावर ‘वोन्ट’ने आणखी एक ‘नाही’ ठेवला. दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं ‘येईल’. लिहिणाऱ्याला हवं होतं ‘आय सस्पेक्ट ही वोन्ट कम’, किंवा ‘आय डाउट ही विल कम’. या दोन्हींचा अर्थ एकच आहे. एका वेळी यातलं एकच निवडायचं. दोघांची भेळ केली की अर्थ उलटतो.

‘अशी’ आणि ‘याची’

मला या विषयात सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की हा फरक मराठीलाही चांगला कळतो. फक्त तिने तो ‘शंका’ या शब्दात ठेवलेला नाही. शेजारच्या छोट्या शब्दात ठेवला आहे.

‘तो येईल अशी मला शंका आहे.’
‘तो येईल याची मला शंका आहे.’

दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचा. पहिल्यात तो येण्याची भीती आहे. नको असलेला पाहुणा दारात उभा राहील असं वाटतंय. दुसऱ्यात तो येणारच नाही असं वाटतंय. बदललं काय? ‘अशी’च्या जागी ‘याची’ आलं, बस. ‘अशी शंका’ म्हणजे सस्पेक्ट. ‘याची शंका’ किंवा ‘याबद्दल शंका’ म्हणजे डाउट. कुणीही आपल्याला हा नियम शिकवलेला नाही, तरी आपण बोलताना तो सहसा मोडत नाही. इंग्रजी लिहिण्याआधी आपलं वाक्य मनात एकदा मराठीत म्हणावं आणि तिथे ‘अशी’ आलं की ‘याची’, ते ऐकावं. ‘अशी’ आलं तर डाउट वापरायचं नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्याहून जास्त चुका टळतात.

माणसांबद्दल बोलताना तर हे फारच जपायला हवं. ‘मला त्याच्यावर संशय आहे’ म्हणजे ‘आय सस्पेक्ट हिम’; त्यानेच काहीतरी केलं असावं. ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या शब्दावर माझा भरवसा नाही. एक आरोप आहे, दुसरा अविश्वास. त्याचप्रमाणे ‘संशयास्पद इसम’ म्हणून कुणी ‘डाउटफुल पर्सन’ लिहिलं, तर इंग्रजी वाचकाला वाटेल की त्या बिचाऱ्यालाच कसली तरी खात्री वाटत नाहीये. कारण ‘ही इज डाउटफुल’ म्हणजे तो स्वतः साशंक आहे. त्याच्याबद्दल आपल्याला संशय असेल, तर तो ‘सस्पिशस’.

पोटातला नकार

‘डाउटमध्ये नकार दिसत तर नाही. मग तो आहे कशावरून?’ असा प्रश्न कुणीही विचारेल आणि तो रास्त आहे. त्याचा पुरावा वाक्यातच सापडतो.

काही शब्द नकाराशिवाय उभेच राहत नाहीत. मराठीतला ‘फारसा’ घ्या. ‘फारसा पाऊस पडला नाही’ हे बरोबर. ‘फारसा पाऊस पडला’ म्हटलं तर कानाला खटकतं. वाक्य अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. इंग्रजीतला ‘एनी’ बऱ्याच अंशी तसाच. ‘ही हॅज सम मनी’, पण ‘ही डझन्ट हॅव एनी मनी’. साध्या होकारार्थी विधानात या अर्थाचा ‘एनी’ बसत नाही. तो नकार शोधतो, किंवा प्रश्न.

आता ‘आय डाउट ही हॅज एनी मनी’ हे वाक्य बघा. ‘नॉट’ कुठेच नाही, तरी ‘एनी’ आरामात बसला आहे. ‘आय सस्पेक्ट ही हॅज एनी मनी’ मात्र इंग्रजी कानाला खटकतं. तिथे ‘सम’च हवं. म्हणजे डाउटच्या पोटात नकार दडलेला आहे आणि ‘एनी’ला त्याचा वास लागतो. भाषेचे अभ्यासक अशा शब्दांना नकारसापेक्ष म्हणतात, म्हणजे नकाराच्या सावलीत जगणारे.

मराठीतही हीच परीक्षा करून बघा. ‘या बैठकीतून फारसं काही निष्पन्न होईल याची मला शंका आहे.’ किती सहज वाचलंत! ‘नाही’ कुठेही नसताना ‘फारसं’ चाललं. आता ‘याची’च्या जागी ‘अशी’ घाला. वाक्य लगेच लंगडतं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ वेगवेगळी वाक्यं करून बघत बसले होते. दोन भाषा इतक्या दूरच्या, आणि नकार लपवण्याची जागा मात्र दोघींनी सारखीच निवडली.

मग हॅम्लेट काय म्हणतो?

जुनं इंग्रजी वाचलेला वाचक इथे अडवणार. शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ सुमारे १६००चं. मेलेल्या बापाचं भूत चिलखत घालून फिरताना दिसलं, असं कळल्यावर हॅम्लेट म्हणतो, ‘आय डाउट सम फाउल प्ले.’ आजच्या अर्थाने वाचलं तर ‘काही काळंबेरं असेलसं वाटत नाही’ असा अनर्थ होतो. त्याला म्हणायचंय नेमकं उलट: यात काहीतरी काळंबेरं आहे. त्याच्या मनात शंकेची पालच चुकचुकली आहे.

म्हणजे इंग्रजीतही एके काळी डाउट आपल्या शंकेसारखाच दोन्ही घरचा पाहुणा होता. हा शब्द आला फ्रेंचमधून, आणि जुन्या फ्रेंचमध्ये त्याला भीतीचाही अर्थ होता. भीती वाटते ती एखादी गोष्ट होईल म्हणून. त्यामुळे भीतीतून ‘असावं’चा अर्थ निघणं साहजिक होतं. प्रमाण इंग्रजीत तो पुढे मागे पडला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र तो टिकला आहे. तिथला जुना माणूस आभाळाकडे बघून ‘आय डाउट इट्ल रेन’ म्हणाला, तर छत्री घेऊन निघावं. पाऊस येईल असंच तो सांगतोय.

फ्रेंचने या दुहेरी अर्थावर आणखी वेगळा तोडगा काढला. ‘झां दूत’ म्हणजे ‘मला नाही वाटत’, आणि ‘झ मां दूत’ म्हणजे ‘मला तसंच वाटतंय’. मधे एक इवलासा शब्द आला की अर्थ फिरतो, अगदी आपल्या ‘अशी’ आणि ‘याची’सारखा.

त्याहून मागे गेलं की लॅटिन ‘दुबितारे’ लागतो, आणि त्याच्या मुळाशी दोन हा आकडा आहे. मन दोन ठिकाणी असणं. आपल्या ‘द्विधा’ मनःस्थितीतला ‘द्वि’ आणि लॅटिनचा ‘दुओ’ एकाच कुळातले. जर्मनमध्ये शंकेला ‘त्स्वायफेल’ म्हणतात. त्यातही ‘त्स्वाय’ म्हणजे दोनच. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, संशयाचं ठरलेलं उदाहरण आहे: संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं दिसतं, तो खांब आहे की माणूस? एकाच वस्तूबद्दल दोन परस्परविरोधी ज्ञानं मनात एकाच वेळी उभी राहतात, तो संशय. या मूळ संशयात काटा मधोमधच आहे. तो ‘नाही’कडे कलला, ते पुढे वापरात.

जाता जाता: डाउटमधला न उच्चारला जाणारा ‘बी’ फ्रेंचमधून आलेला नाही. मध्ययुगीन इंग्रजीत शब्द त्याच्याविनाच लिहीत. लॅटिनशी नातं दिसावं म्हणून पंडितांनी तो मागाहून घुसडला आणि तेव्हापासून पोरं तो पाठ करत आली आहेत.

वाक्यात बसवताना

‘दॅट’, ‘इफ’ आणि ‘व्हेदर’ हे तिन्ही डाउटपाठोपाठ चालतात. ‘आय डाउट दॅट ही नोज’ म्हटलं की अविश्वास जरा घट्ट असतो: त्याला माहीत नसणारच. ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घातलं की पकड सैल होते: माहीत असेल की नाही देव जाणे, बहुधा नसेल. बोलताना हा भेद फारसा कुणी पाळत नाही आणि तिन्ही गाळून नुसतं ‘आय डाउट ही नोज’ही म्हणतात. नकारात मात्र ‘दॅट’च शोभतो: ‘आय डोन्ट डाउट दॅट ही नोज’, म्हणजे त्याला माहीत आहे यात मला शंका नाही.

‘आय थिंक सो’ आहे म्हणून ‘आय डाउट सो’ होत नाही. तिथे ‘इट’च लागतो. आणि ‘आय ॲम डाउटिंग’ सहसा टाळावं. ही मनाची स्थिती आहे, चालू असलेलं काम नव्हे.

‘आय हॅव अ डाउट’ चूक आहे का?

यावर आपल्याकडे माणसं फार हिरिरीने भांडतात. एक बाजू म्हणते, ही भारतीयांची ढोबळ चूक. प्रश्न असेल तर ‘क्वेश्चन’ म्हणा. दुसरी म्हणते, आम्ही कोट्यवधी लोक असं बोलतो, तर हेच आमचं इंग्रजी.

मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं तत्त्वतः पटतं. हा अर्थ आपण हवेतून काढलेला नाही. शंका-समाधानाची मोठी परंपरा त्याच्या मागे उभी आहे. तिच्यात शंका विचारणं हा शिष्याचा अधिकार असतो आणि गुरूचा अपमान त्यात नसतो. आणि आपण एकटेही नाही. स्पॅनिश बोलणारा ‘तेंगो उना दुदा’ म्हणतो, तेव्हा त्यालाही बहुतेक वेळा एक प्रश्नच विचारायचा असतो. पोर्तुगीजमध्येही तसंच. तेव्हा वर्गात, शिकवणीत, आपसात ‘डाउट’ विचारायला काहीच हरकत नाही. समोरच्यालाही तोच अर्थ कळतो, मग भाषेचं काम झालं.

अडचण येते ती समोरच्याला हा अर्थ ठाऊक नसतो तेव्हा. एका तरुण मुलीने परदेशातल्या आपल्या वरिष्ठांना लिहिलं होतं, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर कॅल्क्युलेशन.’ एक पायरी तिला समजली नव्हती, ती समजून घ्यायची होती. वरिष्ठांनी वाचलं, ‘तुमचा हिशोब मला बरोबर वाटत नाही.’ त्यांनी सगळे आकडे पुन्हा तपासले आणि काहीशा ताठर शब्दांत उत्तर पाठवलं की हिशोबात चूक नाही. ती पत्रं माझ्याकडे आली तेव्हा ती मुलगी हबकून गेलेली होती. तिने नम्रपणे विचारलं होतं आणि उत्तरात राग आला होता. तिच्या वाक्यात एकही शब्द उद्धट नव्हता. फक्त तिची ‘शंका’ तिसऱ्या प्रकारची होती आणि पोचली दुसऱ्या प्रकारची. ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युअर कॅल्क्युलेशन’ एवढं लिहिलं असतं, तर उत्तरात ती पायरी समजावून आली असती.

‘नो डाउट’ला शंका असते

आणखी एक गंमत आहे आणि ती नीट न कळल्याने बरेच जण फसतात. ‘नो डाउट’ म्हणजे निःसंशय, असं आपण धरून चालतो. पण ‘नो डाउट ही वॉज बिझी’ असं कुणी लिहिलं, तर त्याला पक्की खात्री असते असं नाही. ‘असेल बाबा कामात’ इतपतच ते असतं. पुष्कळदा त्याच्या मागोमाग ‘बट’ येतो: कामात असेल, पण एक फोन तरी करायचा! ‘डाउटलेस’चंही तसंच. खरोखर शंका नाही असं ठणकावायचं असेल, तर ‘विदाउट अ डाउट’ किंवा ‘देअर इज नो डाउट दॅट’ वापरावं. शिफारसपत्रात ‘नो डाउट शी इज केपेबल’ लिहिलेलं दिसलं की मी ते हटकून बदलते. लिहिणाऱ्याने मनापासून केलेली स्तुती वाचणाऱ्यापर्यंत जाताना कोमट होते.

संशयित आणि संशयाचा फायदा

इतका कीस काढायची गरज आहे का, असं वाटत असेल तर वर्तमानपत्रातली गुन्ह्याची बातमी घ्या. ‘संशयित’ म्हणून पकडलेल्या माणसाची ‘संशयाचा फायदा’ देऊन सुटका झाली, असं आपण नेहमी वाचतो. एकाच संशयाने माणूस आत कसा जातो आणि बाहेर कसा येतो? कारण ते दोन वेगळे संशय आहेत. संशयितामधला संशय ‘सस्पेक्ट’चा: याने केलं असावं. फायद्यातला संशय ‘डाउट’चा: याने केलंच हे पटत नाही. पहिला पोलिसांच्या मनातला, दुसरा न्यायाधीशाच्या. क्रिकेटमध्ये पंच फलंदाजाला संशयाचा फायदा देतात असं आपण म्हणतो, तोही हा दुसराच.

फौजदारी खटल्यात गुन्हा ‘बियॉन्ड रीझनेबल डाउट’ सिद्ध व्हावा लागतो. मराठीत ‘वाजवी संशयापलीकडे’. १९३५ साली इंग्लंडमध्ये वूलमिंग्टन नावाच्या तरुणाचं अपील हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे, आलं. त्याच्या हातातल्या बंदुकीची गोळी लागून त्याची बायको मेली होती, आणि बंदूक चुकून उडाली असं तो सांगत होता. खालच्या न्यायालयात ज्युरीला सांगितलं गेलं की चुकून उडाली हे त्यानेच पटवून द्यायचं. अपिलाचा निकाल देणारे लॉर्ड सँकी यांनी ते अमान्य केलं. गुन्हा सिद्ध करणं हे सरकार पक्षाचं काम, हा इंग्लंडच्या फौजदारी कायद्यातला ‘सोनेरी धागा’ आहे, असं त्यांनी निकालात म्हटलं आणि वूलमिंग्टन सुटला. तो निर्दोष आहे हे कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. काटा ‘केलं’कडे पुरेसा झुकलेला नव्हता, इतकंच. ‘वाजवी’ हा शब्दही तिथे तोलून वापरलेला आहे: मनात येईल ती शंका चालत नाही, तिला कारण लागतं.

त्या बैठकीच्या वाक्याचं मी काय केलं, ते सांगायचं राहिलं. ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ दोन्ही काढून टाकले आणि लिहिलं, ‘आय डोन्ट थिंक ही विल कम टुमॉरो.’ लिहिणाऱ्याने वाचून विचारलं, ‘शंका कुठे गेली यातली?’ मी म्हटलं, हे मराठीत सांगा बघू. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘तो उद्या येईलसं वाटत नाही.’